फटीतून डोकावणारे ते कोण?

समुद्री मत्स्यालयातील दिवे विझून तासभर लोटला की लाइव्ह रॉकच्या, म्हणजे समुद्री जीव वसलेल्या खडकाच्या, फटींतून दिवसा कधीच न दिसलेले जीव बाहेर येऊ लागतात. बहुतेक समुद्री अपृष्ठवंशीय प्राण्यांना लाल प्रकाश फारसा जाणवत नाही. त्यामुळे लाल टॉर्च घेऊन काचेजवळ शांत बसल्यास ही वर्दळ नीट पाहता येते. अनोळखी किडा दिसताच चिमटा उचलण्याची घाई मात्र करू नये, कारण यांतील बहुसंख्य जीव उरलेले अन्न आणि कुजणारे अवशेष खाऊन टाकी स्वच्छ ठेवत असतात.

पहिला प्रश्न असा, की हा खरोखर कृमी आहे काय? वाळूवर पसरलेले पांढरट, लवचीक धागे अन्नकण ओढून नेताना दिसले, तर ते स्पॅगेटी वर्म या कृमीचे स्पर्शक असतात. त्याचे शरीर खडकाआड किंवा वाळूत दडलेले असते. फटीतून वळवळणारी काटेरी शेपटी पुष्कळदा ब्रिटल स्टारचा, म्हणजे तारामाशाच्या एका नातेवाइकाचा, एक हात निघते. कडक नळीच्या तोंडाशी पिसांचा झुपका असेल आणि सावली पडताच तो आत जात असेल, तर तो फेदर डस्टर, म्हणजे निरुपद्रवी वलयी कृमी होय. तशाच नळीतून झुपक्याऐवजी कोळिष्टकासारखे चिकट जाळे पसरत असेल, तर तो वर्मेटिड, म्हणजे चक्क एक गोगलगाय असते. त्याचे जाळे प्रवाळांना त्रासदायक ठरते आणि त्याची संख्या झपाट्याने वाढते, म्हणून या दोघांतील फरक ओळखणे मला फार महत्त्वाचे वाटते.

मोकळ्या फिरणाऱ्या कृमींत सर्वाधिक भीती ब्रिसल वर्मची वाटते. त्याच्या दोन्ही कडांना पांढऱ्या राठ केसांचे झुबके असतात आणि ते त्वचेत रुतून आग करतात, त्यामुळे हातमोज्यांशिवाय खडक हाताळू नये. पण टाकीत आढळणारे बहुतेक ब्रिसल वर्म उपयुक्तच असतात. अटलांटिक आणि भूमध्य समुद्रातील फायरवर्म हा ब्रिसल वर्म मात्र प्रवाळ खातो.

युनिसिड कुळातील कृमींची ओळख डोक्यावरून पटते: बहुधा पाच शृंगिका, बळकट जबडे आणि इंद्रधनुषी झाक असलेले शरीर. 2009 साली इंग्लंडमधील न्यूकी येथील एका सार्वजनिक मत्स्यालयात प्रवाळ कुरतडले जात होते. अखेर टाकीतील खडक हलवल्यावर सुमारे चार फूट लांबीचा असाच एक कृमी सापडला. अशा कृमीला ओढून काढू पाहिल्यास तो तुटतो आणि डोक्याकडचा भाग खडकातच राहतो, म्हणून तो खडकच वेगळ्या भांड्यात ठेवणे श्रेयस्कर असते.

चपट्या जीवांची तऱ्हा निराळी आहे. अॅक्रोपोरा या फांद्यांच्या प्रवाळावर फिकट गोल डाग आणि फांद्यांच्या बुडाशी तपकिरी अंड्यांचे पुंजके दिसले, तर प्रवाळभक्षक चपटा कृमी शोधावा. 2011 मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन ‘अमाकुसाप्लाना अॅक्रोपोरे’ या नावाने झाले. काचेवर पसरणारे काही मिलिमीटरचे गंजरंगी, दुभंगलेल्या शेपटीचे जीव प्रवाळ खात नाहीत, पण औषधाने एकाच वेळी मेल्यास त्यांतून विषारी द्रव्ये पाण्यात मिसळतात आणि मासे दगावू शकतात. म्हणून औषध घालण्यापूर्वी शक्य तितके जीव बारीक नळीने ओढून बाहेर काढावेत, आणि नंतर लगेच पाणी बदलून सक्रिय कोळशातून गाळावे.