दुसऱ्या होडीत कोण होतं?

नमस्कार. सुरुवातीलाच सांगून ठेवतो, आज मी तीन मालिकांचे शेवट उघड करणार आहे: ‘लॉस्ट’, ‘ट्विन पीक्स’ आणि ‘द लेफ्टओव्हर्स’. यातली एखादी तुम्ही बघायची ठेवली असेल तर आत्ता उठून जा, मला अजिबात वाईट वाटणार नाही. कोऱ्या मनाने मालिका बघण्याचं सुख माझ्या व्याख्यानापेक्षा नक्कीच मोठं आहे.

एका छोट्या प्रसंगापासून सुरुवात करतो. विमान पडून एका गूढ बेटावर अडकलेल्या माणसांची गोष्ट म्हणजे ‘लॉस्ट’. तिचा पाचवा सीझन, चौथा भाग, फेब्रुवारी २००९. बेटावर अडकलेली आपली माणसं काळात पुढेमागे फेकली जातायत. सॉयर, ज्युलिएट, लॉक आणि त्यांचे सोबती किनाऱ्यावरच्या आपल्या जुन्या छावणीत येतात, तर छावणी उद्ध्वस्त. तिथे उलांडी लावलेल्या होड्या पडलेल्या असतात आणि पाण्याची एक बाटली सापडते. बाटलीवर नाव ‘अजिरा एअरवेज’, म्हणजे मालिकेतली एक काल्पनिक भारतीय विमान कंपनी. ते एक होडी घेऊन समुद्रात निघतात. थोड्याच वेळात मागून दुसरी होडी येते आणि तिच्यातून गोळ्या सुटायला लागतात. ज्युलिएट बंदूक उचलते, उलट गोळी झाडते, मागच्या होडीतल्या कुणाला तरी ती लागल्यासारखी दिसते. तेवढ्यात तो झगझगीत प्रकाश येतो आणि आपली माणसं दुसऱ्याच काळात जाऊन पडतात. सॉयर ओरडून देवाचे आभार मानतो, आणि पुढच्याच क्षणी रात्रीच्या वादळी पावसात सापडतो तेव्हा ते आभार परत घेतो.

प्रसंग एवढाच. पण मागच्या होडीतली माणसं कोण, हे मालिकेने शेवटपर्यंत सांगितलं नाही.

आता हा प्रश्न इतका का सलतो? कारण नियम मालिकेनेच घालून दिला होता. जे घडलं ते घडलंच, भूतकाळात जाऊन तुम्ही काही बदललंत असं वाटलं तरी ते आधीपासूनच तसं होतं, हे पाचव्या सीझनमध्ये पुन्हा पुन्हा सांगितलं जातं. त्या हिशेबाने हीच घटना आपल्याला कधीतरी दुसऱ्या बाजूनेही दिसायला हवी. पुढे अजिराचं एक विमान बेटावर येऊन पडतं. त्यानंतर कुणीतरी त्या दुसऱ्या होडीत बसणार, पुढे एक होडी दिसणार आणि ते गोळ्या झाडणार. बाटली हा त्याचा पुरावा. सगळे वाट बघत राहिले. सहावा सीझन आला, संपला, होडी काही आली नाही.

मला सगळ्यात पटणारा तर्क इलानाच्या टोळीचा आहे, म्हणजे अजिराच्या विमानातून आलेल्या काही माणसांचा. ही माणसं होडीतून मुख्य बेटाकडे येतात तेव्हा त्यांच्याजवळ एक मोठी पेटी असते आणि त्या पेटीत लॉकचं प्रेत असतं. म्हणजे लॉक मेलाय हे त्यांना पक्कं ठाऊक. बेटावर लॉकचं रूप घेऊन जो हिंडतोय तो त्यांचा वैरी. अशा माणसांना समोरच्या होडीत जिवंत लॉक दिसला तर ती काय करतील? बंदुकाच उचलतील. पुढच्या होडीतला लॉक मात्र खरा लॉक आहे, भूतकाळातून आलेला, अजून जिवंत असलेला. विचार करा, एक माणूस होडी वल्हवतोय आणि मागून येणाऱ्या होडीत त्याचंच प्रेत आहे. हे नुसतं मनात आणलं तरी माझ्या अंगावर काटा येतो.

या तर्कातली अडचणही सांगायला हवी. इलानाच्या माणसांपैकी कुणाला वाटेत गोळी लागल्याचं पुढे कुठेच दिसत नाही. मग ज्युलिएटची गोळी कुणाला लागली? इथे थिअरी लंगडी पडते. आणि म्हणूनच मला ती आवडते. चांगली थिअरी कशी ओळखायची, असं मला नेहमी विचारतात. ती पडद्यावरच्या गोष्टींना धरून असते आणि आपली फट लपवत नाही. “हे सगळं कुणाचं तरी स्वप्न होतं” ही जगातली सगळ्यात आळशी थिअरी आहे, कारण तिच्यात फट सापडणं शक्यच नाही. कुठल्याही मालिकेला ती लावा, बसते.

न सुटलेल्या प्रश्नाकडे बघताना मी आधी एक गोष्ट तपासतो: हा प्रश्न कशामुळे उरला? लेखकाने मुद्दाम ठेवला, की परिस्थितीने उरवला, की उत्तर समोर असून आपल्याला दिसलं नाही? सगळ्याच प्रश्नांवर एकाच सुरात चिडलो तर मालिकेवरही अन्याय होतो आणि आपल्या रागावरही.

परिस्थितीने उरलेला प्रश्न म्हणजे वॉल्ट. हा लहान मुलगा ‘विशेष’ आहे असं पहिल्या सीझनमध्ये ठासून सांगतात. तो पक्ष्याचं पुस्तक वाचतो आणि तसाच पक्षी खिडकीवर येऊन आदळतो. शेवटी त्याला पळवून नेतात. आणि मग हा धागा जवळजवळ सुटूनच जातो. का? पहिल्या दोन सीझनची बेटावरची गोष्ट दोन-सव्वादोन महिन्यांची आहे, पण ती २००४ ते २००६ अशी दोन वर्षं प्रसारित होत होती. वॉल्टचं काम करणारा माल्कम डेव्हिड केली हा मुलगा त्या वयात होता जेव्हा मुलं बघता बघता ताडमाड होतात. बेटावर दोन महिने आणि मुलाची उंची दोन वर्षांची! लेखकाने काय करावं? यात फसवणूक नाही. मालिका कागदावर लिहिली जाते पण जिवंत माणसांच्या शरीरांवर घडते, हे आपण विसरतो. पुढे २०१० साली डीव्हीडीसोबत बारा मिनिटांचा एक उपसंहार आला. त्यात बेटावरचे ह्यूगो आणि बेन मोठ्या झालेल्या वॉल्टला न्यायला येतात. तो बघताना मला भरून आलं होतं. उशिरा का होईना, कुणीतरी त्या पोराची आठवण ठेवली.

मालिकेत पुन्हा पुन्हा येणाऱ्या आकड्यांचं जरा वेगळं आहे. ४, ८, १५, १६, २३, ४२. बेरीज १०८, आणि दर १०८ मिनिटांनी बेटावरच्या एका तळघरातलं बटण दाबायचं. सहाव्या सीझनमध्ये कळतं की बेटाचा रक्षक जेकब याने आपली जागा घेऊ शकणाऱ्या उमेदवारांना दिलेले हे क्रमांक आहेत. २३ म्हणजे मालिकेचा नायक जॅक शेफर्ड, ४ म्हणजे लॉक, वगैरे. पण ४२ च्या पुढे नुसतं ‘क्वॉन’. नवरा की बायको? जिन की सन? शेवटपर्यंत उलगडा नाही. पुष्कळांना हा निष्काळजीपणा वाटला. मला नाही वाटत. एकमेकांना शोधत तीन वर्षं काढलेली ही दोघं पाणबुडीत एकमेकांचा हात न सोडता मरतात. ती वेगळी मोजताच येत नाहीत, असं मी त्या एका आडनावाचं वाचन करतो. लेखकांच्या मनात हेच होतं असा माझा दावा नाही. मजकूर हे वाचन पेलतो, एवढंच म्हणतो.

आता तिसरी जात, उत्तर असून न दिसलेली. २३ मे २०१० रोजी ‘लॉस्ट’ संपली, आणि दुसऱ्या दिवसापासून आजपर्यंत मी एक वाक्य ऐकत आलोय: “म्हणजे ते सगळे आधीपासून मेलेलेच होते ना?” नाही! अहो, नाही. शेवटच्या भागात जॅकचे वडील त्याला चर्चमध्ये अगदी सरळ सांगतात की तुझ्या आयुष्यात जे घडलं ते सगळं खरं होतं. प्रत्येक जण कधी ना कधी मरतो, काही तुझ्याआधी, काही तुझ्यानंतर फार उशिरा. बेट खरं, विमान खरं, माणसं खरी. मरणानंतरची होती ती फक्त सहाव्या सीझनमधली समांतर गोष्ट.

मग गैरसमज झाला कुठून? यात श्रेयनामावलीचाही हात आहे. तिच्या मागे वाहिनीने किनाऱ्यावरच्या विमानाच्या अवशेषांची शांत दृश्यं लावली. माणूस एकही नाही, नुसतं पडलेलं विमान. रडवणाऱ्या शेवटानंतर लगेच जाहिरात आणि बातम्या नकोत, मध्ये थोडा विसावा असावा, एवढाच हेतू होता. पण सहा वर्षं प्रत्येक चौकटीत खुणा शोधायला शिकलेला प्रेक्षक समोर बसलाय! त्याने ते रिकामं विमान बघितलं आणि निष्कर्ष काढला की कुणीच वाचलं नव्हतं. शोधायची सवय मालिकेनेच लावली होती, आणि तीच सवय शेवटच्या मिनिटाला तिच्यावर उलटली.

मी ‘लॉस्ट’ तीनदा बघितली. तिसऱ्या वेळी शेवटच्या भागात बांबूच्या बनात लटकलेला एक जुना, मळलेला बूट नजरेत भरला. पहिल्या भागात जॅक शुद्धीवर येऊन धावत सुटतो तेव्हा तोच बूट तिथे पांढराशुभ्र लटकत असतो. गोष्ट डोळा उघडून सुरू होते, त्याच जागी डोळा मिटून संपते, आणि मधला सगळा काळ त्या बुटावर साचलेला आहे. होडीचं उत्तर दिलं नाही म्हणून ज्यांना दोष देतो, त्यांनीच हा बूट आठवणीने परत टांगला. मला दोन्ही गोष्टी एकदम मनात ठेवाव्या लागतात.

‘ट्विन पीक्स’बद्दल थोडं बोलतो. डेव्हिड लिंच आणि मार्क फ्रॉस्ट यांची ही मालिका एप्रिल १९९० मध्ये सुरू झाली आणि सगळ्यांच्या तोंडी एकच प्रश्न झाला: लॉरा पामरला कुणी मारलं? लिंचना उत्तर द्यायची घाई नव्हती, द्यायचंच नव्हतं म्हणा. वाहिनीचा दबाव आला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये खुनी उघड झाला. नंतर मालिकेतला जीवच गेला, पुढच्या जूनमध्ये ती संपली.

पण मला सांगायचंय ते बॉबबद्दल. पलंगाआडून बघणारा तो लांब केसांचा भयंकर माणूस मुळात संहितेत नव्हताच. फ्रँक सिल्वा हा सेट सजवणारा कामगार. लॉराच्या खोलीत सामान हलवताना त्याला बघून लिंचना काहीतरी सुचलं, त्यांनी त्याला पलंगाच्या पायथ्याशी बसवून एक दृश्य टिपलं. कशासाठी, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. नंतर लॉराच्या आईच्या एका दृश्यात तोच माणूस चुकून आरशात दिसला. दुसऱ्या कुणी ते दृश्य पुन्हा घेतलं असतं. लिंचनी ते ठेवलं, आणि त्या आरशातून मालिकेचं सगळं पाप जन्माला आलं. ज्या खुणेवर आपण रात्र रात्र डोकं लावतो ती कधीकधी अशी आलेली असते. त्याने तिचं मोल कमी होत नाही. ती आल्यावर कलावंताने तिला ओळखलं, हेच तिचं मोल.

२०१७ च्या तिसऱ्या सीझनचा शेवटही तसाच अधांतरी आहे. लॉरासारख्या दिसणाऱ्या बाईला घेऊन, लॉराच्या खुनाचा तपास करणारा कूपर लॉराच्या घरी येतो, दार भलतीच बाई उघडते. रस्त्यावर उभा राहून तो विचारतो, हे कुठलं वर्ष आहे? ती किंचाळते, घरातले दिवे जातात. दार उघडणारी ती बाई त्या वास्तूची खरोखरची मालकीण होती. कूपर मालिकेतून निसटून आपल्या जगात येऊन पडला, असं मानणाऱ्यांना हा मोठा आधार वाटतो. मलाही वाटतो.

शेवटी ‘द लेफ्टओव्हर्स’. ‘लॉस्ट’च्या दोन प्रमुख सूत्रधारांपैकी एक, डेमन लिंडेलॉफ. ‘लॉस्ट’च्या शेवटावरून वर्षानुवर्षं बोलणी खाल्लेला हा माणूस पुढची मालिका कशावर करतो? जगातली दोन टक्के माणसं, चौदा कोटी, एका क्षणात नाहीशी झाली. का, कुठे, हे मालिका कधीच सांगत नाही. नोराचा नवरा आणि दोन्ही मुलं त्यात गेली. शेवटच्या भागात ती एका यंत्रात बसते, जे म्हणे त्या नाहीशा झालेल्यांकडे नेतं. द्रव तिच्या गळ्यापर्यंत चढतो, ती तोंड उघडते आणि दृश्य तुटतं. श्वास घेतला, की “थांबवा” म्हणाली?

पुढे कित्येक वर्षांनी, ऑस्ट्रेलियातल्या एका घरात, म्हातारपणाकडे झुकलेली नोरा आपल्या जुन्या प्रियकराला, केविनला, सांगते की मी पलीकडे गेले. तिथे आपणच नाहीसे झालो होतो. मुलं दिसली, सुखात होती, मी न बोलता परत आले. हे सगळं ती बोलते, आपल्याला चित्र एकही दिसत नाही. फक्त नोराचं काम करणाऱ्या कॅरी कूनचा चेहरा. मालिकेला ते जग दाखवता आलं असतं. दाखवलं नाही.

मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा तिचं सगळं खरं मानलं. दुसऱ्यांदा खात्री झाली की ती यंत्रात ओरडली होती आणि ही गोष्ट तिने जगण्यासाठी रचली. तिसऱ्यांदा मी तिच्याकडे बघितलंच नाही, केविनकडे बघत राहिलो. तो पुरावा मागत नाही. मी तुझ्यावर विश्वास ठेवतो, म्हणतो. ती म्हणते, मी इथे आहे. टेबलावर दोघांचे हात एकमेकांत, आणि बाहेर, दूर गेलेली तिची कबुतरं एकेक करून घरी परतायला लागतात.