बोटाचं पेर, बाभळीची कड

(काळा पडदा. बोटांच्या सांध्यांनी ठोकल्याचा आवाज: टक्. टक्. मग एक दबका थप्प.)

तो शेवटचा आवाज नीट ऐका. सह्याद्रीतल्या कातळावर हा आवाज आला की हात आपोआप मागे येतो. आपला बेसॉल्ट लांबून काळाकभिन्न, अभेद्य वगैरे दिसतो. जवळ गेलं की कळतं, कैक पावसाळ्यांनी त्याचे तुकडे आतून सुटे करून ठेवलेत. म्हणून इथे चढाई शिकताना गाठी मारण्याच्याही आधी एक सवय लावतात: होल्ड, म्हणजे हाता-पायाला धरायची जागा, दिसला की आधी ठोकायचा, मग धरायचा.

(गच्चीवरची खोली. तिरप्या प्लायवर रंगीत आणि लाकडी होल्ड. एक हात एकेक होल्ड ठोकत वर सरकतो.)

पुण्यातल्या आमच्या घराच्या गच्चीवर एक अडगळीची खोली होती. आता त्या खोलीत ही भिंत आहे. आठ बाय चारचे 18 मिलिमीटरचे दोन प्लाय शेजारीशेजारी, 30 अंश पुढे झुकवलेले. आठ फुटी फळी एवढी झुकवली की तिचं वरचं टोक पायथ्यापासून बरोबर चार फूट पुढे येतं, म्हणजे चढणारा माणूस पालीसारखा लटकतो. दर 20 सेंटिमीटरवर एक भोक, भोकामागे टी-नट, म्हणजे होल्डचा बोल्ट ज्यात आवळतात तो प्लायमध्ये ठोकलेला नट. एका प्लायला 72, दोन्ही मिळून 144. खाली गाद्या.

हे सगळं दोन रविवारांत झालं. होल्डना दोन वर्षं लागली, आणि काम अजून चालूच आहे.

(नाशिक जिल्हा. हरिहरचा कातळकोरीव जिना, खालून वर.)

हाताला धरायला काही करून ठेवणं ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. त्र्यंबकजवळच्या हरिहरच्या पायऱ्या बघा. जवळजवळ उभा जिना, आणि पायऱ्यांच्या कडांना बोटं घालायला खोबण्या. ज्या कुणी त्या खोदल्या, त्याने स्वतःची बोटं आत घालून बघितली असणार. हात लागून लागून त्यांच्या कडा इतक्या गोल झाल्यात की खोबणी धरली की सोडावीशी वाटत नाही.

घरातल्या किंवा हॉलमधल्या भिंतीचा इतिहास मात्र अलीकडचा. 1964 साली इंग्लंडमध्ये लीड्स विद्यापीठात डॉन रॉबिन्सन नावाच्या व्यायामशिक्षणाच्या प्राध्यापकांनी एका बोळाच्या विटांच्या भिंतीत दगडाचे तुकडे बसवले आणि विद्यार्थ्यांना त्यावर चढवलं. अडचण एकच, दगड एकदा बसला की बसला. 1980च्या दशकात फ्रान्समध्ये फ्रांस्वा साविन्यी यांनी बोल्टने लावायचे, काढायचे, फिरवायचे रेझिनचे होल्ड आणले, आणि तीच भिंत दर महिन्याला नवी करता येऊ लागली. आज ऑलिंपिकमध्ये दिसतात ते फुगीर रंगीत आकार याच कुळातले.

मला मात्र तिसरीच गोष्ट जास्त उपयोगी पडली. 1988 साली जर्मनीत न्यूरेंबर्गच्या एका जिममध्ये वोल्फगांग ग्युलिख यांनी झुकत्या फळीवर लाकडाच्या आडव्या पट्ट्या ठोकल्या आणि पाय न लावता नुसत्या हातांनी पट्टीवरून पट्टीवर झेपा घ्यायला सुरुवात केली. त्यांच्या भागातला चुनखडक भोकांचा. एका बोटाची भोकं, दोन बोटांची भोकं. 1991 साली त्यांनी फ्रांकेनयुरामध्ये ॲक्शन डिरेक्ट ही वाट चढली, तेव्हा ती जगातली सगळ्यात अवघड मानली गेली. सराव लाकडावर झाला, पण डोळ्यांसमोर दगड होता तो घराजवळचा.

आमचा दगड कसा आहे? भोकं फारशी नाहीत. आडव्या कडा आहेत, चपटे टप्पे आहेत, उभ्या भेगा आहेत. मग माझ्या भिंतीवर काय हवं?

(खोक्यातून निघणारे लाल, पिवळे, हिरवे होल्ड.)

हे मला कळायच्या आधी मी ऑनलाइन हा संच मागवला. सगळे जग. जग म्हणजे ज्यात अख्खी मूठ बसते असा होल्ड, बादलीच्या कानासारखा. पहिल्या आठवड्यात मजा आली. दुसऱ्या आठवड्यात मी शिडी चढतोय असं वाटू लागलं. पैसे वाया गेले असं म्हणणार नाही. 30 अंशांच्या भिंतीवर अंग गरम करायला आणि पाहुण्यांना चढवायला जग लागतातच. पण नवख्या माणसाने पंधरा-वीस जग विकत घ्यावेत आणि थांबावं. त्यातही पॉलियुरेथेनचे घ्यावेत. पॉलिएस्टरचे स्वस्त पडतात, पण वजनाला जड आणि ठिसूळ. बोल्ट जरा जास्त आवळला की कडेचा टवका उडतो.

विकतच्या होल्डची दुसरी अडचण कातडीची. त्यांचा पृष्ठभाग पॉलिश पेपरसारखा खरखरीत ठेवतात. जिममध्ये आठवड्यातून दोनदा जाणाऱ्याला तो चालतो. घरात रोज तोच होल्ड, त्याच बोटाला, त्याच जागी. सोमवारी सुरुवात केली की गुरुवारी बोटांची टोकं गुलाबी. लाकूड कातडीला सोसतं, म्हणून रोजच्या वापराचे होल्ड लाकडाचे.

(भवानी पेठ, टिंबर मार्केट. करवतीचा आवाज.)

लाकूड घ्यायला मी टिंबर मार्केटात गेलो. आधी आंबा घेऊन बघितला होता. स्वस्त आणि कापायला मऊ, पण कडा महिन्याभरात दबल्या. जुन्या वाड्याच्या चौकटीचं सागवान घेतलं, तर त्यात मोडलेला खिळा निघाला आणि करवतीचे दात गेले. शिवाय सागवान मुळात तेलकट, हाताला जरा मेणचट लागतं. बीच चांगलं. युरोपातले बरेच लाकडी होल्ड बीचचेच असतात आणि ते आपल्या बाजारातही मिळतं. पण माझं मन बसलं बाभळीवर. बैलगाडीची चाकं आणि औजारांचे दांडे ज्या लाकडाचे होत आले, ते माझ्या साठ-पासष्ट किलोंना काय दाद देणार!

ज्या सुतारकाकांकडून तुकडे कापून घेतले, त्यांनी आकार बघितला आणि विचारलं, "दादा, कपडे अडकवायच्या खुंट्या का?"

"नाही काका, मी लटकणार आहे."

काकांनी तुकडा हातात फिरवला, नखाने नस बघितली आणि न बोलता माझी खूण पुसून तुकड्यावर आडवी खूण केली. त्या वेळी मला राग आला. काकांनी तसं का केलं ते चार दिवसांनी समजलं, जेव्हा घरी मी माझ्या अकलेने कापलेल्या एका होल्डचा ओठ चढता चढता हातात आला आणि मी गादीवर.

(जवळून: मोडलेला तुकडा. नस कडेला आडवी गेलेली दिसते.)

हे नीट बघा. लाकडाची नस कडेच्या लांबीबरोबर जायला हवी. इथे ती कडेला छेदून गेलीय. म्हणजे बोटांखालचा हा सगळा ओठ आखूड तंतूंवर उभा होता, बिस्किटाच्या तुकड्यासारखा. कितीही टणक लाकूड असो, असा ओठ मोडतो. काकांनी खूण फिरवली ती यासाठी.

(कामाचं टेबल. शिकंज्यात बाभळीचा तुकडा, शेजारी मरफा, पॉलिश पेपर, कापूस.)

आता एक कड सुरुवातीपासून. तुकडा 30 सेंटिमीटर लांब. खोली 20 मिलिमीटर, म्हणजे बोटाचं पहिलं पेर जेमतेम टेकतं. याला आम्ही क्रिंप म्हणतो. वरचा पृष्ठभाग सपाट. आत उतार दिला तर होल्ड सोपा होतो, बाहेर दिला तर स्लोपर होतो आणि मे महिन्याच्या घामात त्याला धरणं म्हणजे ओला साबण धरणं.

सगळं कसब पुढच्या धारेत आहे. काटकोनी धार ठेवली तर ती पेराच्या सांध्यात रुतते. फार गोल केली तर 20 मिलिमीटरमधले टेकायला फारच थोडे उरतात. मी आठ मिलिमीटर त्रिज्येचा गोलवा देतो. आधी मरफ्याने, मग 80 नंबरचा पॉलिश पेपर, मग 120. तिथे थांबायचं. हात सुटला की माणूस 400 पर्यंत घासत जातो, कारण लाकूड सुंदर दिसायला लागतं. मोह आवरा. वार्निश तर अजिबात नको, पकड जाते.

शेवटी कापूस. कडेवरून हलक्या हाताने कापसाचा बोळा फिरवायचा. जिथे तंतू अडकला तिथे कुसळ आहे. डोळ्यांना न दिसणारं कुसळ कापूस दाखवतो.

बोल्टचं भोक 11 मिलिमीटरचं, कारण बोल्ट 10चा. डोकं आत बुडेल एवढा खड्डा, खाली वॉशर, आणि वॉशरखाली निदान दीड सेंटिमीटर लाकूड शिल्लक. कोपऱ्यात एक साधा स्क्रू, नाहीतर होल्ड ऐन वेळी घड्याळाच्या काट्यासारखा फिरतो. बोल्टची लांबी मोजूनच घ्या. नटात निदान सहा-सात आटे बसले पाहिजेत. आणि आधी हाताने फिरवा, मग ॲलन की लावा. वाकडा शिरलेला बोल्ट जोराने आवळला की टी-नट मागे गरगर फिरतो. माझ्या भिंतीमागे हात जात नाही. त्या एका नटासाठी मी अख्खा प्लाय उतरवला आहे.

एक युक्ती मात्र फुकटची. आकार दिलेला तुकडा मधोमध उभा चिरला की डावा-उजवा जोड मिळतो, हुबेहूब आरशातला. उजव्या हाताने केलेली चाल डाव्यानेही करून बघता येते. माझा डावा हात किती आळशी आहे ते मला असंच कळलं.

(सिलिकॉनचा साचा. त्यातून निघणारा, जाळी पडलेला होल्ड.)

हा ढोकळा नाही.

रेझिनचा होल्ड घरी ओतायचा हट्ट मीही केला. फुलवाल्यांकडचा हिरवा फोम चाकूने कोरला, त्यावर सिलिकॉन ओतून साचा केला, साच्यात पॉलियुरेथेन आणि वाळू. महिना जुलै. पॉलियुरेथेनच्या एका भागात आयसोसायनेट असतं, त्याला पाणी भेटलं की कार्बन डायऑक्साइड सुटतो. वाळू दमट, हवा दमट, मिश्रण फसफसून वर आलं. दुसऱ्या खेपेला वाळू लोखंडी कढईत तासभर भाजली. तो होल्ड बरा झाला. कढई आईची होती. ती आता कायमची गच्चीवर असते. या रसायनांची वाफ फुप्फुसांना वाईट, फोमची धूळही वाईट. बंद खोलीत हे करू नका. साधं कापडी फडकं पुरत नाही, वाफेसाठीचा फिल्टर असलेला मास्क लागतो. माझ्या हिशेबाने एवढी खटपट पिंच, म्हणजे अंगठा आणि बोटांच्या चिमटीत धरायचे होल्ड, आणि मोठे स्लोपर यांच्यासाठीच परवडते, कारण लाकडात ते गोलाकार काढायला फार वेळ जातो.

(भिंतीचा खालचा भाग. अंगठ्याएवढे तुकडे, त्यावर बुटाचं टोक.)

पायाचे होल्ड सगळे विसरतात. उरलेल्या तुकड्यांतून सुपारीएवढे करा, दोन स्क्रूंनी ठोका, झालं. हाताचे होल्ड मोठे आणि पायाचे लहान ठेवले की पोट कामाला लागतं.

भाची शनिवारी येते. अकरा वर्षांची आहे, माझ्यापेक्षा हलकी आणि माझ्यापेक्षा धीट. तिला माझ्या 20च्या कडा हव्या असतात. मी देत नाही. वाढत्या वयात बोटांच्या हाडांच्या टोकांजवळची वाढीची पट्टी अजून कूर्चेची असते, आणि बारीक कडांवर बोटं आवळून लटकण्याचा ताण नेमका तिथे येतो. तिच्यासाठी उजवीकडचे चार स्तंभ जगचे आणि रुंद कडांचे. "मामा, हे तर बाळांचे आहेत," असं म्हणत ती ते माझ्याआधी संपवते.

(दिवाळीची सकाळ. खोलीत कोवळं ऊन. हातात ॲलन की.)

पावसाळ्यात लाकूड फुगतं. ऑक्टोबरात हवा कोरडी झाली की आकसतं, आणि घट्ट बसलेले बोल्ट कुणी हात न लावता सैल होतात. म्हणून फराळाच्या आधी एक फेरी. खालून वर, एकेक होल्ड. आवळायचा, ठोकायचा, पुढे जायचं.

टक्. टक्. टक्.

तिसऱ्या रांगेतला दुसरा. बाभूळ, नस सरळ, काकांनी स्वतः खूण केलेला.

थप्प.

बोल्ट काढला. मागच्या बाजूला केसाएवढी चीर. तो तुकडा पायाच्या होल्डांच्या डब्यात गेला, आणि 144 भोकांपैकी एक रिकामं झालं.