एका कोपऱ्याचा फरक

[दृश्य: अरुंद काचेची नळी, अगदी जवळून]

नळीच्या तळाशी कॉपर ॲसिटेटचं निळसर-हिरवं द्रावण आहे. वरच्या मिथेनॉलमध्ये पिकोलिनिक आम्ल विरघळलंय. या आम्लात पिरिडीन नावाचं षटकोनी कडं असतं: एका कोपऱ्यावर नायट्रोजन, त्याच्या शेजारच्या कोपऱ्यावर आम्लगट. दोन्हींच्या मध्ये पाणी आणि मिथेनॉलचा एक कोरा थर मुद्दाम सोडलाय. हीच दोन द्रावणं बीकरमध्ये सरळ एकत्र ओतली, तर बघता बघता जांभळट गाळ खाली बसतो. रासायनिक क्रिया तीच, पदार्थही तोच. पण ती भुकटी सिंगल क्रिस्टलच्या, म्हणजे एकसंध स्फटिकाच्या, कामाची नाही. रेणूंनी एकमेकांपर्यंत सावकाश पोचायला हवं. म्हणून या रॅकला कुणी धक्का लावत नाही, आणि एसीचा झोतही इकडे येऊ देत नाहीत.

[दृश्य: टाइम-लॅप्स]

आधी सीमेवर धूसर रेघ उमटते. मग काचेला धरून निळ्या-जांभळ्या सुया वाढू लागतात. झाकण उघडलं की व्हिनेगरचा वास येतो. तांब्याजवळचं ॲसिटेट सुटलं आणि पिकोलिनेट तिथे येऊन बसलं, हे नाकाला सर्वांत आधी कळतं.

शोधनिबंधात या सगळ्याला एकच वाक्य मिळतं: ‘क्ष-किरण विवर्तनासाठी योग्य स्फटिक मिळाले.’ विवर्तन म्हणजे स्फटिकातून जाताना क्ष-किरणांचं ठरावीक दिशांना विखुरणं. ते आपोआप मिळत नाहीत. कुणीतरी द्रावक बदलून पाहतं, थर पुन्हा रचतं, रोज येऊन नळी न हलवता बघून जातं. हे हातांचं शास्त्र आहे आणि त्याचं मोल आपल्याकडे फार कमी केलं जातं.

[दृश्य: सूक्ष्मदर्शकाखाली स्फटिक, खालची तबकडी फिरते]

इथे नीट बघा. ध्रुवीकृत प्रकाशात तबकडी फिरवली की चांगला स्फटिक एका क्षणी अख्खाच्या अख्खा काळा होतो. हा बघा, अर्धा विझला आणि अर्धा उजळ राहिला. हा जुळा आहे, म्हणजे दोन स्फटिक एकमेकांना जोडून वाढलेत. बाजूला ठेवायचा. शेजारचा मात्र पूर्ण विझला. हाच हवा होता.

सुईच्या टोकाने त्याला तेलाच्या थेंबात ओढायचं, लूपमध्ये उचलायचं आणि तसाच उणे १७३ अंश सेल्सियसच्या नायट्रोजनच्या झोतात धरायचा. तेल काचेसारखं गोठतं, स्फटिक जागच्या जागी पक्का होतो. लांबी मिलिमीटरच्या दोन-तीन दशांशांइतकी. हात किंचित थरथरला तरी स्फटिक हरवतो.

[दृश्य: डिफ्रॅक्टोमीटर, पडद्यावर ठिपके]

मॉलिब्डेनमच्या क्ष-किरणांची तरंगलांबी ०.७१ अँगस्ट्रॉम. एक अँगस्ट्रॉम म्हणजे सेंटीमीटरचा दहा कोटीवा भाग. अणूंमधली अंतरंही साधारण त्याच मापाची, म्हणून स्फटिकातून हे ठिपके पडतात. १९१२ साली म्युनिकमध्ये लाउए, फ्रिडरिश आणि क्निपिंग यांनी पहिल्यांदा असे ठिपके टिपले, तेही तांब्याच्याच निळ्या स्फटिकातून, मोरचुदातून.

ठिपक्यांवरून इलेक्ट्रॉनांची दाटी काढता येते आणि त्या दाटीतून अणू दिसू लागतात. मधोमध तांबं, दोन बाजूंना दोन पिकोलिनेट. प्रत्येकाने नायट्रोजन आणि ऑक्सिजन अशा दोन टोकांनी तांब्याला चिमट्यात पकडलंय. चारही बंध एकाच प्रतलात, लांबी जवळपास २ अँगस्ट्रॉम. वर-खालचे ऑक्सिजन मात्र बरेच दूर उभे. तांब्याच्या द्विसंयुजी आयनाची ही जुनी खोड. तिला यान-टेलर परिणाम म्हणतात.

[दृश्य: गुलाबी स्फटिक, नंतर ॲनिमेशन]

आता हाच आम्लगट पिरिडीनच्या कड्यावर एक कोपरा पुढे सरकवू. झालं निकोटिनिक आम्ल, म्हणजे जीवनसत्त्व बी-३. इथे तांब्याऐवजी कोबाल्ट घेतलाय. याचा नायट्रोजन कोबाल्टला धरतो, पण आम्लगट त्याच कोबाल्टपर्यंत पोचूच शकत नाही. चिमटा सुटतो. समोरासमोर दोन निकोटिनेट बसतात आणि उरलेल्या चार जागा पाण्याचे रेणू घेतात. मोकळी राहिलेली आम्लाची टोकं शेजारच्या रेणूमधल्या पाण्याशी हायड्रोजन बंध जोडतात. हा गुलाबी स्फटिक त्या बंधांवरच उभा आहे.

आणखी एक कोपरा सरकवला की आम्लगट नायट्रोजनच्या थेट समोर येतो. हे आयसोनिकोटिनिक आम्ल. आता एक टोक या धातूकडे आणि दुसरं पुढच्या धातूकडे नेता येतं, सांगाडा चहूकडे वाढवता येतो आणि आत पोकळ्या राहतात. पुण्याच्या आयसर या विज्ञान संस्थेतल्या रामनाथन वैद्यनाथन यांच्या गटाने परदेशी सहकाऱ्यांबरोबर २०१५ मध्ये निकेल आणि याच आम्लाचा असा सांगाडा प्रसिद्ध केला. त्यातल्या पोकळ्या ३.५ आणि ४.८ अँगस्ट्रॉमच्या. हायड्रोजनमध्ये मिसळलेला कार्बन डायऑक्साइड तो वेचून धरतो, आणि दमट वायूतही टिकतो.

[दृश्य: संगणकावर फाइल भरणारा विद्यार्थी]

रचना पूर्ण झाली की तिची फाइल केंब्रिजच्या स्फटिक-रचनांच्या संग्रहात जमा होते. हा संग्रह १९६५ मध्ये ओल्गा केनार्ड यांनी सुरू केला. २०१९ मध्ये त्याने दहा लाख रचनांचा टप्पा गाठला. फाइलमध्ये स्फटिकाचा रंग आणि मापं लिहायची असतात. तो कसा वाढवला यासाठीही एक रकाना असतो, आणि तोच बऱ्याचदा कोरा राहतो. हे काम करणाऱ्या मुलामुलींनो, तो रकाना भरा. द्रावक कोणतं, थर कसे रचले, तापमान किती, दिवस किती लागले, सगळं लिहा.