एक तबकडी, एक फॉर्म

(दृश्य : टेबलावर काळी तबकडी. कॅमेरा सरकत मधल्या गोल कागदापर्यंत येतो.)

ही बारा इंची तबकडी. मधल्या गोल कागदाला लेबल म्हणतात. तबकडी काढणाऱ्या कंपनीलाही लोक लेबलच म्हणतात, म्हणून पुढे घोटाळा नको, आपण कंपनीला कंपनी म्हणूया. कागदावरचा तिरका शिक्का बघा : फक्त प्रसिद्धीसाठी, विक्रीसाठी नाही. ही तबकडी दुकानात मागून मिळायची नाही. कंपनी ती डीजेला द्यायची, तीही फुकट. आणि हा डीजे खरा की खोटा, हे एका कागदावरून ठरायचं. त्यातून डीजेंनी रेकॉर्ड पूल काढला, म्हणजे कंपन्यांच्या प्रती एका जागी घेऊन आपसांत वाटणारी संघटना. तिची ही गोष्ट.

(दृश्य : न्यूयॉर्क, सोहो. बिडाच्या खांबांच्या जुन्या इमारती. प्रिन्स स्ट्रीटची पाटी.)

आपल्याकडे डीजे म्हटलं की डोळ्यांसमोर मिरवणुकीतला ट्रक येतो आणि त्यावर रचलेली स्पीकरची भिंत. इथे डीजे म्हणजे माणूस. दोन टर्नटेबल, मध्ये मिक्सर आणि पायाशी तबकड्यांचं खोकं. रात्रभर उभं राहून काम.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला रेकॉर्ड कंपन्यांचं सगळं लक्ष रेडिओकडे होतं. नवं गाणं निघालं की कंपनीचा माणूस प्रती घेऊन स्टेशनवर हजर. त्याचा पगारच त्यासाठी. क्लबात वाजवणाऱ्यांना मात्र कोणी विचारत नव्हतं. हे लोक पहाटेपर्यंत तबकड्या लावायचे आणि दुपारी कंपन्यांच्या कचेऱ्यांचे उंबरे झिजवायचे. कुठे ओळख असेल तर प्रत मिळायची. नाही तर स्वतःच्या खिशातून विकत.

मग १९७४ आलं. ‘रॉक द बोट’ हे ह्यूज कॉर्पोरेशनचं गाणं जुलैमध्ये बिलबोर्ड या अमेरिकी संगीत साप्ताहिकाच्या यादीत पहिल्या नंबरावर गेलं. रेडिओनं ते उशिरा उचललं. त्याआधी ते क्लबांमध्ये गाजत होतं. कंपन्यांचे कान टवकारले. त्याच वर्षी ऑक्टोबरात बिलबोर्डमध्ये टॉम मोल्टननं डिस्कोवर सदर सुरू केलं, नोव्हेंबरात रेकॉर्ड वर्ल्ड या दुसऱ्या नियतकालिकात व्हिन्स अलेटीनं. कुठल्या क्लबात काय वाजतंय हे आता छापून यायला लागलं. साहजिकच कचेऱ्यांबाहेरची रांग वाढली.

(दृश्य : टाइपरायटरच्या कळा. कोरा कागद.)

तेव्हा कंपन्यांनी विचारलं, तू डीजे आहेस कशावरून? प्रश्न अगदीच गैर नव्हता. फुकटची प्रत जुन्या तबकड्यांच्या दुकानात रोख विकता येते, आणि डीजे म्हणवून घ्यायला काय लागतं? म्हणून अट आली : क्लबच्या मालकाचं पत्र आणा. अमका माणूस आमच्याकडे वाजवतो, असं लिहून. आता मालकाशी वाजलं तर नोकरी जाणार, आणि नोकरीबरोबर पत्रही. ज्याच्या कानावर कंपनीचा धंदा चालणार, त्याची लायकी ठरवायची तिसऱ्याच माणसाच्या सहीनं. मला हे आजही खटकतं.

१९७५ मध्ये डीजे आणि कंपन्यांची माणसं एका क्लबात समोरासमोर बसली. बैठक भांडणात संपली. मग डीजेंनी आपली वेगळी बैठक घेतली, ती इथे.

(दृश्य : नव्व्याण्णव, प्रिन्स स्ट्रीट. दार. वरच्या खिडक्या.)

डेव्हिड मॅन्कुसो या डीजेचं ‘द लॉफ्ट’. आधी ते ब्रॉडवेवर होतं, ६४७ नंबरला. फेब्रुवारी १९७० पासून तो आपल्या राहत्या जागेत पार्ट्या द्यायचा. आत शिरायला आमंत्रण लागे, दारूविक्री नव्हती. लोक यायचे ते नाचायला आणि ऐकायला. पुढे ते सगळं इथे आलं.

मॅन्कुसो, स्टीव्ह डिअक्विस्टो आणि पॉल कॅसेला या डीजेंनी सदर लिहिणाऱ्या अलेटीला हाताशी धरून एक जाहीरनामा लिहिला, आणि जून १९७५ मध्ये न्यूयॉर्क रेकॉर्ड पूल सुरू झाला. कल्पना साधी होती. कंपनीनं शंभर जणांना शंभर वेळा तपासत बसू नये. सगळ्या प्रती एकाच जागी पाठवाव्यात, सभासद कोण खरा ते पूल बघेल. आणि प्रत सगळ्यांना सारखी. मोठ्या क्लबचा डीजे असो की कोपऱ्यातल्या बारचा.

(दृश्य : खोकी उघडली जातात. हात तबकड्या वेगळ्या करतात. गठ्ठे रचले जातात.)

या दृश्यावर थोडं थांबूया, कारण पूल म्हणजे हेच काम. खोकी यायची. प्रती मोजायच्या, सभासदागणिक गठ्ठे लावायचे. सभासद येणार, गठ्ठा उचलणार. आणि प्रत्येक तबकडीबरोबर जायचा हा कागद.

(दृश्य : फॉर्म. पेन्सिलीनं भरलेले रकाने.)

गाण्याचं नाव. कंपनी. तुला कसं वाटलं? आणि त्याच्या खाली खरा रकाना : नाचणाऱ्यांना कसं वाटलं?

हा फॉर्म भरून देणं ही सभासदत्वाची अट. तो परत कंपनीकडे जाणार. गाण्यावर मजला भरला की रिकामा झाला, हे कंपनीला जाहिरातीवर पैसा लावण्याआधीच कळायचं. बाजाराची अशी चाचणी विकत घ्यायला गेलं तर काय मोजावं लागलं असतं? इथे ती एका तबकडीच्या बदल्यात मिळत होती. ‘फुकट प्रत’ या शब्दाबद्दल माझी तक्रार आहे ती एवढीच.

(दृश्य : सात इंची आणि बारा इंची तबकडी शेजारी. खाचांचा क्लोजअप.)

डावीकडे सात इंची. खाचा दाटीवाटीनं बसल्यात. उजवीकडे बारा इंची, खाचा मोकळ्या. सुईला हलायला जागा, म्हणून बेस दणदणीत आणि गाणं लांब. मोल्टननं पहिल्यांदा गाणं मोठ्या तबकडीवर कापून घेतलं ते सात इंची कोऱ्या तबकड्या संपल्या होत्या म्हणून. सुरुवातीला अशा प्रती फक्त डीजेंसाठी निघायच्या. १९७६ मध्ये सालसोल कंपनीनं वॉल्टर गिबन्स या डीजेनं मिक्स केलेली बारा इंची तबकडी थेट दुकानात आणली. डीजेच्या हातातली वस्तू गिऱ्हाइकाच्या पिशवीत गेली.

(दृश्य : जुने क्लब, झरझर.)

पुढे बॉस्टन, शिकागो, लॉस एंजेलिस, जिकडेतिकडे पूल निघाले. मॅन्कुसोच्या पूलमध्ये काम केलेल्या ज्युडी वाइनस्टीननं ‘फॉर द रेकॉर्ड’ हा पूल काढला. जुलै १९७९ मध्ये शिकागोच्या मैदानात डिस्कोला विरोध म्हणून डिस्कोच्या तबकड्या स्फोटानं उडवल्या गेल्या, कंपन्यांनी हात आखडता घेतला. मॅन्कुसो २०१६ मध्ये गेला.

(दृश्य : लॅपटॉप. नावनोंदणीचं पान. रकाने एकेक भरले जातात.)

आता पूल म्हणजे महिन्याची वर्गणी आणि फायली. एका गाण्यातून दुसऱ्यात जाता यावं म्हणून सुरुवातीला आणि शेवटी नुसता ठेका जोडलेल्या, बीपीएम, म्हणजे मिनिटाला किती ठोके, ते लिहिलेल्या. अट अशी की फाइल पुढे कोणाला द्यायची नाही. आणि वर्गणी भरली म्हणजे जाहीर वाजवायचा परवाना मिळाला, असं नाही. तो वेगळा काढावा लागतो. आपल्याकडचंच बघा : लग्नातल्या गाण्यांना परवाना लागणार नाही, असं गोवा सरकारनं परिपत्रक काढलं होतं, ते ऑगस्ट २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठानं रद्द केलं.

(दृश्य : कर्सर. नाव, ईमेल, कार्डाचा नंबर. ‘पुढे जा’.)

नाव विचारलं. कार्ड विचारलं.

(दृश्य : पुन्हा तो जुना फॉर्म. पेन्सिलीनं भरलेला रकाना. निवेदन नाही. सुई तबकडीवर टेकल्याचा आवाज.)