ताऱ्याचं वय कंपात सापडतं

पडद्यावरची ही वाकडीतिकडी रेघ नीट पाहा. एका लाल राक्षसी ताऱ्याचा, म्हणजे म्हातारपणी फुगलेल्या ताऱ्याचा हा उजेड, केपलर दुर्बिणीने साधारण अर्ध्या-अर्ध्या तासाने टिपलेला. रेघ वर चढते, खाली येते, पुन्हा चढते. यंत्रातला बिघाड नव्हे. तारा थरथरतोय.

ताऱ्याच्या वरच्या थरांत तापलेला वायू उकळत्या पाण्यासारखा खळबळत असतो. त्यातून ध्वनिलहरी उठतात, आत शिरतात, वळून पुन्हा पृष्ठभागाशी येतात. सूर्याचंही तेच. त्याची पाच-पाच मिनिटांची धडधड भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट लेटन आणि सहकाऱ्यांनी 1960च्या दशकाच्या सुरुवातीला पकडली. गाभ्यातली ऊर्जा प्रकाशरूपाने बाहेर यायला हजारो वर्षं लागतात. ध्वनीला तासभर पुरतो.

तारे 'ऐकले' असं म्हणतात खरं, पण पोकळीतून आवाज येणार कसा? आपल्यापर्यंत पोचतो तो उजेडच, किंचित कमीजास्त होणारा. सूर्यासारख्या ताऱ्यात हा फरक दहा लाखांत जेमतेम काही भागांचा. जमिनीवरून पाहायचं तर वातावरणाची लुकलुकच त्याहून मोठी, म्हणून दुर्बीण अंतराळात न्यावी लागली.

आता हे दोन लाल राक्षसी तारे. रंग एक, तेज जवळपास एक. एकाच्या गाभ्यात हेलियम पेटलाय, दुसऱ्यात गाभ्याभोवतीच्या कवचात अजून हायड्रोजनच जळतोय. वरून काही कळत नाही. 2011 साली कंपांनी फोड केली: आतपर्यंत पोचणाऱ्या लागोपाठच्या कंपांच्या कालावधींत पहिल्यात 100 ते 300 सेकंदांचं अंतर, दुसऱ्यात बहुतेक 50च्या आसपास.

कंपांवरून वस्तुमानही निघतं, आणि वस्तुमान कळलं की वय हाती येतं. जड तारा इंधन भराभर उधळतो, हलका पुरवून पुरवून वापरतो.

इंडस तारकासमूहातला न्यू इंडी हा तारा नुसत्या डोळ्यांना दिसणारा, तसा फिकटच. त्याची रासायनिक घडण सांगते की तो आपल्याच आकाशगंगेत जन्मला. कक्षा मात्र विस्कटलेली. गाया-एन्सेलेडस नावाची छोटी दीर्घिका आकाशगंगेवर आदळली, त्या धक्क्याची ही खूण. टेस दुर्बिणीने त्याचे कंप मोजले, 2020 साली वय जाहीर झालं: सुमारे 11 अब्ज वर्षं. धक्का बसायला तारा आधी असायला हवा. म्हणजे वयाच्या मोजणीतलं थोडं कमीजास्त धरूनही ती टक्कर बहुधा 11.6 अब्ज वर्षांपूर्वीच्या आधी सुरू झालेली नाही.