किलोनं नाही, नगानं

[गच्ची. हिवाळ्यातली सकाळ. दोघं जण कागदाची मोठी घडी उलगडत आहेत.]

हे सिक्स शीट, म्हणजे सिनेमाचं मोठं पोस्टर. उभं केलं तर अख्खा माणूस मागे झाकून जाईल. एवढा कागद तेव्हाच्या मशीनवर एका दमात चढायचा नाही, म्हणून तुकड्यांत छापायचे आणि भिंतीवर नेऊन जोडायचे. इथं नायकाचे डोळे एका तुकड्यावर आहेत आणि हनुवटी दुसऱ्यावर. गुडघ्यांवर बसून ती हनुवटी सरकवत सरकवत जागेवर आणणारे हे काका.

नागपुरात सगळे त्यांना पोस्टरवाले काका म्हणायचे. दुकानाला पाटी नव्हती. कुणी नाव विचारलंच तर म्हणायचे, “नाव काय करता जी? पोस्टर पाहा.” आपणही काकाच म्हणू.

[हनुवटी जुळते. काका दोन पावलं मागे सरकून पाहतात. निवेदन नाही.]

[सीताबर्डी, रविवारची गर्दी. वरून घेतलेलं दृश्य.]

बर्डीचा मेन रोड. या रस्त्याच्या आसपास एके काळी टॉकीजच टॉकीज: जानकी, रिजंट, व्हेरायटी. व्हेरायटीचं तर चौकालाच नाव पडलं. आज तिथं उतरणाऱ्या कितीतरी पोरांना अशी एक टॉकीज होती हेच माहीत नसतं. वर्धा रोडला पंचशील, सदरला लिबर्टी आणि स्मृती, महालात नरसिंग, धरमपेठेकडे सुदामा. शुक्रवारी नवा सिनेमा लागायचा आणि त्याच्या आदल्या रात्री शिडी, बादली आणि खळ घेऊन सायकली निघायच्या.

काका मात्र सायकलवाल्यांपैकी नव्हते. ते एका वितरकाच्या कचेरीत कारकून होते.

[जुनी पावती-पुस्तकं. एका पावतीवर ‘सी. पी. बेरार’ असा छापील मजकूर.]

सिनेमाच्या धंद्याचा नकाशा सरकारी नकाशाशी कधी जुळला नाही. १९५६ साली विदर्भ मुंबई राज्यात गेला, १९६० साली महाराष्ट्र झाला, पण वितरकांच्या कागदांवर जुना ‘सी. पी. बेरार’, म्हणजे मध्य प्रांत आणि वऱ्हाड, तसाच राहिला. आजही सिनेमाचे हक्क त्याच नावानं विकले जातात. विदर्भ आणि छत्तीसगड एका खात्यात. मुंबई, पुणे दुसऱ्या खात्यात. मराठी सिनेमा नागपुरात उशिरा का यायचा, याचं अर्धं उत्तर या एका पावतीत आहे.

कचेऱ्या अमरावतीत होत्या, नागपुरात होत्या. मुंबईहून रेल्वेनं सिनेमाच्या पेट्या यायच्या, पत्र्याच्या, एकेका डब्यात एकेक रीळ. त्यांच्यासोबत कागदाचा गठ्ठा. सिंगल शीट, म्हणजे ३० बाय ४० इंचांचं नेहमीचं पोस्टर. हे असलं सिक्स शीट. टॉकीजच्या काचेच्या कपाटात लावायचे फोटो सेट. गाण्यांच्या चोपड्या. तो गठ्ठा सोडायचा, मोजायचा आणि वर्ध्याला किती, गोंदियाला किती, रायपूरला किती असे वाटे करून पाठवायचे, हे काकांचं काम. पोस्टरकडे नीट बघायला वेळ नसायचा. “मोजाले वेळ होता, पाहाले नाही,” असं ते म्हणतात.

हक्कांची मुदत संपली की सिनेमाही संपला. फिल्ममधून निदान चांदी काढता यायची. देशात कितीतरी सिनेमे असेच चांदीपायी गेले. कागदातून काहीच निघत नव्हतं. तो कबाड्याकडे जायचा, किलोनं. त्यातल्या त्यात सोय एवढीच की पोस्टर पाठकोरं असतं. किराणावाल्यांनी पुड्या बांधल्या, पोरांच्या वह्यांना कव्हरं चढली.

[कबाड्याचं दुकान. लोखंडी काटा.]

आणि अशाच एका दुकानात काका उभे असताना मुंबईहून आलेल्या एका माणसानं ढिगातून एक कागद ओढला, आणि त्या एका कागदाचे एवढे पैसे दिले की तेवढ्यात अख्खा गठ्ठा आला असता. काकांनी त्या माणसाला काही विचारलं नाही. कबाड्याला विचारलं. “असे येतात का हो?” कबाडी म्हणाला, महिन्या-दोन महिन्यांनी एखादा येतो.

धंदा इथून सुरू झाला. इतवारी, महाल, गड्डीगोदाम, जिथं जिथं रद्दी तोलली जायची तिथं काका सांगून आले: सिनेमाचा कागद फाडू नका, घडी मोडू नका, बाजूला ठेवा, रद्दीच्या तिप्पट देतो. मग बंद पडणाऱ्या टॉकीजचे मॅनेजर. मग त्या मॅनेजरांचे नातेवाईक.

काकांच्या माघारी त्यांच्यावर जे लिहून आलं त्यात बहुतेकांनी त्यांना संग्राहक म्हटलंय. म्हणायला छान वाटतं, पण ते दुकानदार होते. विकत घ्यायचे, विकायचे, फायदा काढायचे. संग्राहकानं एक प्रत वाचवली असती. दुकानदारानं भाव लावला, म्हणून शंभर कबाड्यांनी कागद फाडणं थांबवलं. पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ साली सुरू झालं, तोवर मूकपटांपैकी बहुतेक नाहीसे झाले होते. १९३१ चा ‘आलम आरा’, आपला पहिला बोलपट, त्याची एकही प्रत आज नाही. उरलेत ते फोटो, जाहिराती, कागद. सरकारनं वाचवायचं ते वाचवलं असेल. विदर्भातल्या तालुक्यांच्या गोदामांत ते पोचणार नव्हतं. कबाडी पोचत होता.

[दुकान. अरुंद, खोल. काका खिडकीशी, डोळ्याला भिंग.]

मोदी नंबर २ च्या गल्लीत, कॉम्प्युटरच्या दुकानांना लागून हे दुकान. दोन माणसं आत गेली की तिसऱ्यानं बाहेर थांबायचं.

भिंगातून काय बघतात ते कॅमेऱ्यानं जवळ जाऊन टिपलंय, नीट पाहा. हा पहिला कागद. रंगाचे बारीक बारीक ठिपके दिसतात, लाल, निळे, पिवळे, काळे. हे ऑफसेट, फोटोवरून प्लेट बनवून केलेली छपाई. आता दुसरा. ठिपके नाहीत. खडूनं घासल्यासारखा दाणा दिसतो. हा लिथो. इथं प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड, नाहीतर जस्ताची प्लेट, आणि प्रत्येकीवर कारागिरानं ते चित्र हातानं पुन्हा काढलेलं. नायिकेच्या गालावरची लाली कुणीतरी बोटांत खडू धरून आणली आहे.

जुना सिनेमा दहा-पंधरा वर्षांनी पुन्हा लागायचा तेव्हा नवी पोस्टरं छापायचे, बरेचदा ऑफसेटवर. तीही जुनीच, पण पहिल्या खेपेची नव्हेत, आणि भावात जमीन-अस्मानाचा फरक. खाली समासात छापखान्याची ओळ असते, बहुतेक वेळा मुंबईची. ती कापलेली असली की काका भुवया उंचावायचे.

आणि ही तिसरी. ही काकांची आवडती, गिऱ्हाइकाला फसवायला नव्हे, शिकवायला ठेवलेली. पोस्टरवर घडीच्या रेषा स्पष्ट आहेत. आता बोट फिरवताहेत बघा. कागद गुळगुळीत. घडी नाहीच, घडीचा फोटो छापलाय. कुणीतरी अस्सल पोस्टर स्कॅन करून नक्कल काढली आणि नकलेत घडीही आली.

[काका हसतात. कॅमेरा हलतो.]

[दुकानाच्या मागची खोली. लाकडी फळी, बादली, मांजरपाटाचा ठाण.]

आता जे दिसेल, जुनं पोस्टर कापडावर चढवायचं काम, ते काका कुणालाही दाखवत. मुंबईत यासाठी हजारो रुपये घेणारे लोक दार लावून काम करतात.

आधी मांजरपाट. नवा कापड तसाच घेतला तर त्यातली कांजी पुढे कागदाला त्रास देते, म्हणून दोन-तीनदा धुऊन, वाळवून, फळीवर ताणून खिळे ठोकायचे. ताण सगळीकडे सारखा लागतो. काका ढोलकीवर मारावी तशी थाप मारून कानानं बघतात.

मग खळ. मैदा, पाणी, मंद आच, एकाच दिशेनं ढवळणं, आणि फडक्यातून गाळणं. जुने बाइंडर कसर लागू नये म्हणून यात मोरचूद घालत. काका घालत नाहीत. मोरचुदातलं तांबं कागदाला आतून जाळत जातं, दहा वर्षांत कळत नाही, तीस वर्षांत कळतं.

आता पोस्टर. कोपऱ्यात, जिथं कुणाचं लक्ष जात नाही तिथं, ओला कापूस टेकवायचा. रंग कापसावर आला तर काम तिथंच थांबलं. नाही आला तर पुढे. पाठीमागे कुणा भल्या माणसानं सेलोटेप लावलेली असते, ती केस वाळवायच्या मशीननं गरम करून मिलिमीटर मिलिमीटरनं सोडवायची. या एका टेपला किती वेळ गेला ते खिडकीतल्या उजेडावरून ओळखा.

[सकाळचा उजेड. दुपारचा उजेड.]

पोस्टर पालथं, पाण्याचा हलका फवारा, त्यावर पातळ टिश्यू, मग खळ, मग कापड. रुंद ब्रश मधून बाहेर, कधीच बाहेरून आत नाही. बुडबुडा राहिला तर तो वाळल्यावर फुटतो आणि फुटला की चेहराच घेऊन जातो.

आणि मग वाळवण. इथं नागपूर आडवं येतं. मे महिन्यात पारा ४५ च्या वर. कागद लवकर वाळतो, कापड सावकाश, दोघांची ओढाताण होऊन मधेच चीर जाते. म्हणून कापडावर चढवायचं काम फक्त दिवाळी ते होळी. उन्हाळ्यात दुसरीच पंचाईत. नागपूरकर कूलरवर जगतो, आणि कूलर म्हणजे ओली हवा; ओल्या हवेत कागदाला बुरशी. तेव्हा काकांच्या दुकानात कूलर नव्हता. अख्ख्या बर्डीत मे महिन्यात बिनकूलरचं दुकान हेच असावं. गिऱ्हाईक पाच मिनिटांत घामानं निथळायचं, आणि काका माठातल्या पाण्याचा ग्लास पुढे करायचे. पण आधी पोस्टर उचलून, लांब ठेवून.

चढवलेलं पोस्टर तयार झालं की फाटलेली जागा दिसते. काही जण तिथं रंग भरून देतात. काका आकाश भरत, भिंत भरत, साडीचा काठ एखादे वेळी. चेहरा कधीच नाही. “डोळा गेला असन तर गेला. मी काढीन थो माझा डोळा होईन.”

[भिंतीवरचं पोस्टर: ‘दीवार’.]

१९७५ चं ‘दीवार’. दिवाकर करकरेंचं काम. पेंटरांचा विषय निघाला की काकांचा चहा गार व्हायचा. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांपासून सुरुवात. त्यांच्या १९२४ च्या ‘कल्याण खजिना’चं पोस्टर हे हिंदुस्थानी सिनेमाच्या सर्वांत जुन्या उरलेल्या पोस्टरांतलं. मग ‘मुघल-ए-आझम’साठी रंगवणारे कोल्हापूरचेच जी. कांबळे. मग करकरे. नटांची नावं पोस्टरवर तीन लिप्यांत असायची, नागरी, रोमन, उर्दू. काढणाऱ्याचं एका कोपऱ्यात, दिसलं तर दिसलं. काका गिऱ्हाइकाला आधी तो कोपरा दाखवायचे.

[एक मुलगी, कॉलेजची, दुकानाच्या दारात. हा संवाद मूळ आवाजात.]

“काका, हे कितीले?”

“कुठी लावशीन?”

“होस्टेलवर. लॅमिनेट करून.”

“मंग नाही देत.”

“काहून?”

“लॅमिनेशन म्हणजे मढ्यावर प्लास्टिक. निंघत नाही मंग थे. कलर प्रिंट काढून देतो, थे कर लॅमिनेट.”

मुलीला प्रिंट मिळाली, वर एक अस्सल फोटोकार्ड फुकट. काकांची ही जुनी खोड. अस्सल पोस्टर हातात असलेला, पैसे मोजायला तयार असलेला माणूस त्यांनी परत पाठवला आहे, आणि चहाच्या पैशात विद्यार्थ्यांना कार्डं वाटली आहेत. लोकांना ते आवडायचे यात नवल नाही. पण भोळे मात्र नव्हते. मुंबईचा डीलर आला की हेच काका तासभर घासाघीस करायचे आणि शेवटी त्याच्याकडून जेवणही काढायचे.

[पोस्टरांच्या पाठी. कोपऱ्यात पेन्सिलीनं लिहिलेली अक्षरं.]

प्रत्येक पोस्टरच्या पाठीवर पेन्सिलीत तीन-चार अक्षरं. ही खरेदीची किंमत. जुन्या व्यापाऱ्यांची रीत आहे: दहा वेगळी अक्षरं ठरवायची, एकेका आकड्याला एकेक. गिऱ्हाइकासमोर पोस्टर उलटं केलं तरी त्याला काही कळत नाही, आणि दुकानदाराला खाली कुठवर उतरायचं ते कळतं. पेन्सिलच, कारण शाई पुढच्या बाजूला उतरते. काकांची ती दहा अक्षरं कुणालाच माहीत नव्हती. घरच्यांनाही नाही.

फ्लेक्स आला, डिजिटल आलं, टॉकीज बंद झाल्या आणि नवा कागद यायचा थांबला. गेल्या पावसाळ्यात काका गेले. दुकान मालकाला परत दिलं. तिथं आता मोबाइलची कव्हरं मिळतात.

[महालातलं घर. पत्र्याच्या पेट्या, वर डांबराच्या गोळ्या, टेबलावर खातेवही.]

पेट्या घरी आल्या. एकगठ्ठा घ्यायला दिल्लीहून फोन आला होता, मुंबईहूनही. काकांच्या मुलीनं नाही म्हटलं. ती शाळेत गणित शिकवते. विकायचं तर वडील विकायचे तसंच, एकेक, कोण घेतंय ते बघून, एवढं तिनं ठरवलं. पण पाठीवरची अक्षरं लागेनात. मग जुन्या खातेवहीत कबाड्यांना दिलेल्या रकमा सापडल्या, तारखेसकट. रकमा आकड्यांत, पोस्टरांवर अक्षरं. एका संध्याकाळी तिनं दोन्ही समोर ठेवून बेरीज-वजाबाकीसारखं सोडवलं.

[मुलगी पोस्टर उलटं करते, अक्षरं वाचते, गिऱ्हाइकाकडे पाहून भाव सांगते. गिऱ्हाईक कमी करायला सांगतं. ती पुन्हा पाठ पाहते, मान हलवते.]

ती दहा अक्षरं कोणती, ते आम्ही कॅमेरा सुरू ठेवून विचारलं.

“नाही सांगत जी. गिऱ्हाईकबी पाहतीन ना तुमचा व्हिडिओ.”