तीन बाय चारची खोली

(पडद्यावर : डोंबिवलीतल्या जुन्या सोसायटीचा जिना. छिन्नी-हातोड्याचा आवाज. सिमेंटच्या रिकाम्या गोणीत फरशीचे तुकडे भरणारे हात.)

आमच्या घरातली ही सगळ्यात लहान खोली : संडास. लांबी चार फूट, रुंदी तीन फूट. इमारत १९८६ची. तेव्हापासून इथे एक पायरी चढून आत जायचं, उकिडवं बसायचं आणि दाराची चौकट धरून उठायचं. चौकटीच्या उजव्या बाजूला, कमरेच्या जरा खाली, तळहाताएवढा रंग उडालाय. तो आईचा हात. पाच-सहा वर्षं ती तिथेच धरून उठत होती. आम्ही दर दिवाळीला घर झाडलं, त्या डागावरून फडकंही फिरवलं, पण तो कशाचा हे कुणी विचारलं नाही.

मग तिच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया ठरली. डॉक्टर म्हणाले, "आता खाली बसणं बंद." म्हणजे कमोड बसवायचा. दुकानात जायचं, पांढरा घ्यायचा की पिवळसर एवढं ठरवायचं, असा माझा समज.

(पडद्यावर : सॅनिटरीवेअरचं दुकान. भिंतीवर टांगलेले, जमिनीवर मांडलेले कमोड. विक्रेता एक भांडं उलटं करून खालचं भोक दाखवतो.)

दुकानदाराने रंग विचारलाच नाही. म्हणाला, "एस की पी?"

मी गप्प.

"बरं, भिंतीपासून किती इंच?"

मी आणखी गप्प.

संडासचं भांडं निवडायला आपण वरून सुरुवात करतो. आकार, चकाकी, झाकण हळू पडतं की धाडकन. ते निवडायचं असतं खालून. मैला जिथून बाहेर जातो ते तोंड जमिनीत उतरतं की भिंतीत शिरतं, हा पहिला प्रश्न. जमिनीत उतरतं तो एस ट्रॅप, भिंतीत शिरतो तो पी ट्रॅप. दोन्ही नावं नळीच्या वळणावरून पडली आहेत. वळण का, तर त्यात कायम थोडं पाणी साचून राहावं आणि गटारातला वास घरात येऊ नये. लंडनमधल्या अलेक्झांडर कमिंग नावाच्या घड्याळजीने १७७५मध्ये या वळणाचं पेटंट घेतलं. भांड्यात बटणं आली, टाक्या भिंतीआड गेल्या, पण वास अडवतंय अजून तेच ओंजळभर पाणी. घराला कुलूप लावून महिनाभर गावाला जाऊन परत आलात आणि घरात गटारासारखा वास आला, तर बहुधा ते पाणी सुकलेलं असतं. एक बादली ओता, काम होतं.

दुसरा प्रश्न अंतराचा. एस ट्रॅपच्या तोंडाचा मध्य मागच्या भिंतीपासून किती दूर आहे? बाजारात भांडी साधारण चार, नऊ आणि बारा इंचांची मिळतात. इंचाचा फरक पडला तरी भांडं बसत नाही, कारण मागे भिंत आहे आणि भिंत सरकत नाही.

(पडद्यावर : मोजपट्टीचा क्लोज-अप. उघडी विटांची भिंत, खाली पाइपचं तोंड, त्यावर गोणपाटाचा बोळा.)

इथे मी माती खाल्ली. प्लंबरने जुनं भांडं काढलं, पायरी फोडली, नवा पाइप वर आणला. मी मोठ्या उत्साहाने टेप लावली : नऊ इंच. टाकी पाठीलाच जोडलेला, एका अंगाचा, नऊ इंची कमोड त्याच संध्याकाळी घरी आणला. मोजलं होतं उघड्या विटेपासून. त्यावर गिलावा चढला, मग टाइलचा मसाला, मग टाइल. भिंत सव्वा इंच पुढे आली. नवाचे पावणेआठ झाले आणि टाकी भिंतीत घुसायला लागली.

प्लंबरने भांडं पुढे-मागे करून पाहिलं, मग त्याच भांड्यावर बसून तंबाखू मळली. म्हणाला, "साहेब, भिंत नागडी असताना माप घ्यायचं नसतं."

पाइप आणि भांडं यांच्यामध्ये लावायचा तिरका जोड मिळतो, त्याने भांडं इंचभर सरकवता येतं. त्याने तो लावायला नकार दिला. नळीत खाच आली की तिथे काही ना काही अडकणार, आणि मग शिव्या त्यालाच. त्याचं बरोबर होतं. खोकं धड होतं म्हणून दुकानदाराने कमोड परत घेतला. ती माझ्या नशिबाची गोष्ट, अकलेची नव्हे.

(पडद्यावर : जमिनीवर खडूने आखलेला तीन बाय चारचा चौकोन. त्यात पुठ्ठ्याचा कमोड ठेवून बसून पाहणारा माणूस.)

आता पुन्हा निवड. बहीण म्हणाली, भिंतीवर टांगलेला घे, जागा वाचते. हे वाक्य सगळीकडे ऐकू येतं, म्हणून आम्ही खडूने आखून पाहिलं. जमिनीवरचा टाकीसकटचा कमोड सत्तावीस-अठ्ठावीस इंच लांब. चार फुटांतून तेवढे गेले की गुडघ्यांपुढे वीस इंच उरतात. टांगलेलं भांडं नुसतं एकवीस इंच, पण त्याची टाकी आणि लोखंडी फ्रेम लपवायला मागे सहा इंचांची खोटी भिंत उभी करावी लागते. सहा आणि एकवीस, सत्तावीस. वाचलं काय? मूळ भिंतच जाड असेल आणि टाकी तिच्यात बसत असेल, तरच जागा सुटते. आमची भिंत साडेचार इंचांची, पलीकडे शेजाऱ्यांचं स्वयंपाकघर.

टांगलेल्याचा खरा फायदा वेगळा आहे. खालून फरशी पुसता येते आणि बसवताना उंची आपल्या मनासारखी ठेवता येते. चांगली फ्रेम ४०० किलोपर्यंत भार पेलते, त्यामुळे काका बसले तर निघून येईल ही भीती विनाकारण आहे. फक्त फ्रेमशिवाय, अर्ध्या विटेच्या भिंतीला नुसते बोल्ट ठोकून टांगायला कुणी तयार झाला तर त्याला चहा पाजून परत पाठवावं.

अँग्लो-इंडियन कमोडबद्दल थोडक्यात. कडेला पाय ठेवायला रुंद पट्ट्या असतात, म्हणजे बसाही आणि वर चढून उकिडवेही बसा. दोघांनाही खूश करायला निघालेली वस्तू. दीड फूट उंचावर, ओल्या चिनी मातीवर, अनवाणी पाय. मला नाही पटत.

राष्ट्रीय इमारत संहितेत स्वतंत्र संडाससाठी किमान ०.९ मीटर रुंदी आणि १.१ चौरस मीटर जागा सांगितली आहे. तीन बाय चार फूट म्हणजे जेमतेम तेवढंच. ही मापं उकिडवं बसणाऱ्या माणसाला पुरतात. कमोड आला की आत उघडणारं दार गुडघ्यांवर आपटतं. आम्ही बिजागऱ्या फिरवून दार बाहेर उघडणारं केलं. आत कुणी पडलंच, तर आत उघडणारं दार पडलेल्या माणसालाच अडतं आणि उघडत नाही, हेही तेव्हा कळलं.

(पडद्यावर : सोसायटीची पाण्याची टाकी. नळाला आलेलं पाणी. फ्लशचं दोन भागांचं बटण.)

पाण्याचा हिशोब मी कागदावर केला. जुन्या टाक्या एका फ्लशला दहा लिटर आणि त्याहूनही जास्त पाणी सोडत. नव्या दुहेरी बटणाच्या टाकीत मोठं बटण सहा लिटरचं, छोटं तीनचं. घरात चार माणसं, प्रत्येकी दिवसाला एकदा मोठं आणि चारदा छोटं धरलं तर ७२ लिटर. जुन्या टाकीने तेच २०० झाले असते. ज्यांच्याकडे पाणी ठरलेल्या वेळीच येतं, त्यांना या १२८ लिटरचा अर्थ सांगायला नको.

पण कमी पाण्याने मैला पुढे ढकलायचा तर पाइपला उतार नीट हवा. चार इंची पाइपला दर चाळीस इंचांना एक इंच, असं आमचा प्लंबर बोटांवर मोजून सांगतो. म्हणून "कमोड जरा त्या कोपऱ्यात घेऊ" हे वाक्य मिस्त्रीसमोर सहज टाकू नये. डक्टपासून, म्हणजे सगळे उभे पाइप जातात त्या जागेपासून, जितकं लांब न्याल तितका पाइप खाली उतरवावा लागतो, आणि खाली तर शेजाऱ्यांचं छत.

फ्लशची जातही दोन प्रकारची. आपल्याकडच्या बहुतेक भांड्यांत पाणी वरून जोरात येऊन धुऊन नेतं. वाट रुंद, तुंबण्याचा धोका कमी. दुसऱ्यात पाणी वळणातून ओढून घेतलं जातं. भांड्यात पाण्याचा थर मोठा, आवाज कमी, डाग कमी, पण वाट अरुंद आणि पाणी जास्त लागतं. बोअरच्या खाऱ्या पाण्यात दोन्ही पिवळी पडतातच.

(पडद्यावर : बाबा दारात उभे, हाताची घडी. आई खुर्चीत, पायावर पट्टी.)

आता बाबा. बाबांचं म्हणणं पहिल्या दिवसापासून एकच : "खुर्चीत बसून कुणाला साफ होतं का?"

हसण्यावारी नेण्यासारखं नाही ते. मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागाला एका स्नायूचा फास असतो. आपण सरळ बसतो तेव्हा तो फास वाट वाकडी करून धरतो, उकिडवं बसलं की सैल पडतो आणि वाट बरीच सरळ होते. जन्मभर तशी सवय असलेल्या माणसाला कमोडवर कुंथावं लागतं, यात त्याचे नखरे नाहीत. शिवाय देशी भांड्याला अंग टेकत नाही, बिघडायला त्यात काही नसतं, आणि टमरेलभर पाण्यानेही निभावतं. दोन संडास असतील त्या घराने एक देशी ठेवावाच, असं माझं मत आहे. आमच्याकडे एकच.

आणि त्या एकाची उंची आईच्या गुडघ्यावर ठरणार होती. बसल्यावर गुडघा कमरेच्या वर जाता कामा नये, उठताना ताण येऊ नये. दिव्यांगांसाठीच्या सरकारी मार्गदर्शक सूचनांत आसनाची उंची ४५० ते ४८० मिलिमीटर दिली आहे, म्हणजे अठरा-एकोणीस इंच. साधं भांडं झाकणासकट सोळाच्या आसपास भरतं.

शेवटी घेतलं ते दुकानातलं जवळजवळ सगळ्यात स्वस्त भांडं : टाकी न चिकटलेलं, चार इंची. टाकी वेगळी, प्लॅस्टिकची, भिंतीवर. भांड्यामागे पावणेचार इंच मोकळे राहिले, ते चालतात, कारण टाकीपासून खाली येते ती नुसती नळी. टाकी बिघडली तर टाइल फोडायला नको. भांड्याखाली प्लंबरने दोन इंचांचा ओटा केला, उंची झाली सव्वाअठरा. बाजूच्या भिंतीत स्टीलचा दांडा. दिसायला म्हणाल तर सरकारी दवाखान्यातल्यासारखं दिसतं. बहीण अजून बोलत नाही त्यावर.

बाबांसाठी पायाखाली काहीतरी हवं होतं, गुडघे वर यायला. ते स्वतःच पाट घेऊन आले. आई आतून ओरडली, "अहो, तो देवाजवळचा आहे!" मग अंघोळीचं प्लॅस्टिकचं ठेंगणं स्टूल आलं. वापरायचं आणि कोपऱ्यात सरकवायचं, आईच्या पायात यायला नको. आठ दिवस बाबा काही बोलले नाहीत. बाबांच्या बाबतीत ही पसंती समजायची.

(पडद्यावर : कोकणातलं कौलारू घर. परसात दोन गोल झाकणं, मध्ये छोटी चौकोनी कुंडी.)

सगळं इथल्यासारखं गावाला करावं, असं मात्र नाही. कणकवलीजवळच्या आमच्या घरी परसाकडे जायचं म्हणजे अजून अंगण ओलांडून जायचं. तिथे दोन शोषखड्डे आहेत. एक वापरात, एक बंद. कुंडीत एका बाजूला अडसर लावून मैल्याची दिशा बदलता येते. बंद खड्ड्यात दीड-दोन वर्षांत मैल्याचं खत होतं, फावड्याने काढता येईल असं कोरडं. याच कणकवलीत, गोपुरी आश्रमात, गांधीवादी कार्यकर्ते अप्पा पटवर्धनांनी भंगीमुक्तीचं काम केलं, संडासांचे प्रयोग केले. माणसाने माणसाचा मैला हाताने उचलू नये, यासाठी.

त्या खड्ड्यांना जोडायचं भांडं वेगळं असतं. खूप तीव्र उताराचं, आणि वळणात पाण्याचा थर फक्त २० मिलिमीटर. दीड-दोन लिटर पाण्यात काम होतं. माझ्या चुलतभावाने हौसेने तिथे शहरातला कमोड टाकीसकट बसवला. दर फ्लशला सहा लिटर खड्ड्यात. पावसाळ्यात कोकणातली जमीन आधीच तुडुंब, ती आणखी पाणी कुठे शोषणार? श्रावणात कुंडीचं झाकण तरंगायला लागलं. आता कमोड आहे तसाच आहे, टाकीचं पाणी बंद केलंय आणि शेजारी बादली-मग ठेवलाय.

(पडद्यावर : फोडलेला खड्डा पाण्याने भरलेला. भिंतीवर पेन्सिलची खूण. खालच्या मजल्यावरची बेल.)

एक प्रसंग मागचा आहे, तो सांगायचा राहिला. फरशी बसवण्याआधी मिस्त्रीने विटांच्या तुकड्यांचा कोबा केला, त्यावर पाणी भरलं, पातळीला पेन्सिलची खूण केली आणि दोन दिवस हात लावायचा नाही म्हणून सांगून गेला. जुनं भांडं निघतं तेव्हा त्याखालचं वॉटरप्रूफिंगही फुटतं, आणि सोसायटीतली निम्मी भांडणं तिथून सुरू होतात.

दोन दिवसांनी पाणी खुणेवरच होतं. तरी मी खाली गेलो. काकूंनी दार उघडलं, मी त्यांच्या संडासात मान वर करून छत पाहिलं, हात लावून पाहिला. कोरडं.

"तुमचा मिस्त्री माझ्याकडे पाठव," काकू म्हणाल्या. "पण मला ते खुर्चीचं नको. माझे गुडघे अजून ठणठणीत आहेत."

आणि दाखवायला म्हणून त्या तिथेच, पॅसेजमध्ये, खाली बसल्या. उठताना त्यांचा हात चौकटीवर गेला.